दोन छोट्या विमानतळांमधलं हवाई अंतर आणि वेळ: चार ठिकाणी चार आकडे, धरायचा कुठला?

खिडकीची_सीट

दोन प्रादेशिक विमानतळ आहेत, त्यांना अ आणि ब म्हणू. अ साधारण १८ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व. ब साधारण २१ अंश उत्तर, ७८ अंश पूर्व (हिशेबाला सोपं जावं म्हणून पूर्णांकात दिलंय). मध्ये थेट विमान आहे, एटीआर ७२. आता आकडे बघा:

नकाशावर पट्टी ओढली की ५३५ किमी.
अंतर सांगणाऱ्या साइटवर ५३६ किमी आणि वेळ १ तास १० मिनिटं.
तिकिटावर जाताना १ तास ३० मिनिटं, येताना १ तास ४० मिनिटं.
ट्रॅकिंग ॲपवर जातानाचं उड्डाण १ तास १२ मिनिटं, उडालेलं अंतर ५८० किमी.

प्रश्न असे: अंतर स्वतः कसं काढायचं? ४५ किमी जास्तीचे आले कुठून? आणि वेळेचा इतका घोळ का? विमानाचा वेग ताशी ५०० किमी धरला तर साइटचा आकडाही जुळत नाही, तिकिटाचाही नाही.

रेखावृत्त

आधी अंतर, कारण ते सोपं आहे आणि त्यात मतभेदाला जागा नाही.

छोट्या अंतराला, म्हणजे ८००-१००० किमीच्या आत आणि ध्रुवांपासून लांब असाल तर, कागदावर दोन मिनिटांत होतं. अक्षांशाचा १ अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी). तुमच्या जोडीत अक्षांशांचा फरक ३ अंश, म्हणजे १८० नॉटिकल मैल उत्तरेकडे. रेखांशांचा फरक ४ अंश, पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश १९.५, त्याचा कोसाइन ०.९४२६. ४ × ६० × ०.९४२६ = २२६ नॉटिकल मैल पूर्वेकडे. आता पायथागोरस: १८० चा वर्ग अधिक २२६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २८९ नॉटिकल मैल. गुणिले १.८५२, म्हणजे ५३५ किमी.

स्प्रेडशीटमध्ये नेमकं हवं असेल तर हॅवरसाइन सूत्र वापरा:

१. चारही आकडे अंशांतून रेडियनमध्ये आणा.
२. अक्षांशांच्या फरकाचा निम्मा घ्या, त्याचा साइन, त्याचा वर्ग. इथे ०.०००६८५.
३. रेखांशांच्या फरकाचा निम्मा, साइन, वर्ग. त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणा. इथे ०.००१०८१.
४. दोन्हींची बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याचा आर्कसाइन, गुणिले २. इथे ०.०८४०९ रेडियन.
५. गुणिले ६३७१ (पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किमीत). उत्तर ५३५.७.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, चपटी आहे, म्हणून डब्ल्यूजीएस-८४ (चपट्या पृथ्वीचं प्रमाण मॉडेल) वर काढलं तर ५३५.३ येतं. फरक अर्ध्या किलोमीटरचाही नाही. तेव्हा तुमचे ५३५ आणि ५३६ हे दोन्ही एकच आकडा आहेत, पूर्णांक करण्याचा फरक आहे.

खरी गडबड आकडे भरताना होते. विमानतळाचे अक्षांश-रेखांश अधिकृत कागदपत्रांत अंश-मिनिटं-सेकंदांत असतात. १८°३०′ म्हणजे १८.५; लोक सरळ १८.३० टाइप करतात आणि १२ मिनिटं, म्हणजे १२ नॉटिकल मैल, म्हणजे २२ किमी कुठल्या कुठे जातात. दुसरं, साइटवर शहराचं नाव टाकलं तर ती शहराचा मध्य धरते. विमानतळ गावाबाहेर २५ किमीवर असेल तर तेवढी चूक फुकट मिळते. नावाऐवजी विमानतळाचा कोड टाका, आणि त्या शहरात जुना-नवा असे दोन विमानतळ असतील तर कोड दोनदा तपासा.

ब्लॉक_टाइम

वेळेचा घोळ होतो कारण साइट, ॲप आणि तिकीट हे तिघंही वेगवेगळी गोष्ट सांगताहेत.

साइट काहीच मोजत नाही. अशा बहुतेक साइट्सचा ठोकळेबाज हिशेब असतो: अंतर भागिले ताशी सुमारे ८०० किमी, अधिक अर्धा तास. ५३६ भागिले ८०० म्हणजे ४० मिनिटं, अधिक ३०, झाले १ तास १० मिनिटं. जुळलं ना? हा जेटचा अंदाज आहे. तुमचं विमान टर्बोप्रॉप (पंख्यांवर चालणारं) आहे हे त्या साइटच्या गावीही नाही.

ट्रॅकिंग ॲप चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ दाखवतं.

तिकीट ब्लॉक टाइम दाखवतं. विमान पार्किंगच्या जागेवरून हललं तिथून दुसऱ्या टोकाला पार्किंगमध्ये थांबलं तिथपर्यंत. म्हणजे टॅक्सी (विमानाचं जमिनीवरचं चालणं) दोन्हीकडची आली, वर थोडी राखीव मिनिटंही आली.

आता तुमच्या मार्गाचा हिशेब मांडू. सरळ रेषा २८९ नॉटिकल मैल. विमान सरळ रेषेत जात नाही. धावपट्टी वाऱ्याच्या दिशेनुसार ठरते, तेव्हा कधी उलट्या दिशेला उडून वळावं लागतं. मग ठरलेल्या बिंदूंवरून जाणारा हवाई मार्ग. शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी ८-१० मैल (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैलच) बाहेरून फेरा. छोट्या मार्गावर या सगळ्याचे २०-४० नॉटिकल मैल सहज होतात. इथे २५ धरा: ३१४ नॉटिकल मैल, म्हणजे ५८१ किमी. ॲपवरचे ५८० हेच.

एटीआर ७२ चा क्रूझमधला (वर सरळ उडतानाचा) हवेच्या मानाने खरा वेग २७० नॉटच्या आसपास (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), ताशी ५०० किमी. ३१४ भागिले २७०, म्हणजे साधारण ७० मिनिटं. पण क्रूझचा वेग पूर्ण मार्गभर मिळत नाही. चढताना विमान बरंच हळू असतं, उतरताना शेवटचे १५-२० मैल फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) आणि चाकं काढून त्याहून हळू. या दोन्हींपोटी टर्बोप्रॉपला ७ ते १० मिनिटं जोडायची. ८ धरली तर हवेत ७८ मिनिटं. टॅक्सी निघताना ८, पोहोचल्यावर ४. ब्लॉक ९० मिनिटं. हे वारा नसताना.

ॲपवर ७२ मिनिटं दिसली, म्हणजे त्या दिवशी पाठीमागून वारा होता.

खिडकीची_सीट

हे भारी समजलं. म्हणजे तिकिटावर जाताना-येताना १० मिनिटांचा फरक आहे तो वाऱ्याचाच? की येताना मार्गच लांबचा आहे?

नवा_प्रवासी

वारा जाताना मदत करतो आणि येताना अडवतो, एकूण हिशेब फिटतो. त्यामुळे दोन्हींची सरासरी काढली की वारा नसतानाचा वेळ मिळाला पाहिजे.

तिरपा_वारा

@नवा_प्रवासी, फिटत नाही. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा. आकड्यातच बघा.

अ वरून ब कडे जायची दिशा उत्तरेपासून साधारण ५१ अंश, म्हणजे ईशान्य. वर वारा पश्चिमेकडून ४० नॉट धरू. विमानाची दिशा आणि वारा वाहतो ती दिशा (९० अंश) यांच्यात ३९ अंशांचा कोन. कोसाइन ०.७८. म्हणजे ४० पैकी ३१ नॉट पाठीला लागतात, उरलेला २५ नॉट बाजूने. बाजूच्या वाऱ्याला तोंड देण्यासाठी नाक थोडं वाऱ्याकडे वळवावं लागतं, त्यात एखाद-दोन नॉट जातात, ते सोडून द्या. पाठीचा वारा गोल ३० धरू.

जाताना जमिनीवरचा वेग ३००: ३१४ मैलांना ६३ मिनिटं.
येताना जमिनीवरचा वेग २४०: ७८-७९ मिनिटं.
दोन्ही मिळून १४१. वारा नसता तर १४० च्या आत.

बेरजेत फरक दीड-दोन मिनिटांचाच आहे, पण एकेका बाजूला १५-१६ मिनिटांचं अंतर पडलं. चढ-उतारापोटीची ८ मिनिटं जोडली की जाताना हवेत ७१, ॲपवर ७२. टॅक्सीची १२ जोडली की जाताना ८३, येताना ९८-९९. तिकिटावर ९० आणि १००. म्हणजे जातानाच्या वेळेत सहा-सात मिनिटं हात राखून ठेवलाय, आणि अशा वाऱ्यात येतानाचं वेळापत्रक अगदी काठावर आहे. वारा ५० नॉट झाला की येतानाचं विमान निघायला उशीर न करताही उशिरा पोहोचेल.

मोसमानुसार वरचा वारा बदलतो. म्हणून त्याच मार्गाची छापील वेळ वर्षभर एकच असेल असं नाही. विमान कंपन्यांची वेळापत्रकं मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा ब्लॉक टाइमही पाच-दहा मिनिटांनी हलतो.

आणखी एक, ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. ट्रॅकिंग ॲपवर दिसणारा वेग जमिनीवरचा असतो. एटीआर ३०५ नॉटने चाललेलं दिसलं की 'वैमानिक जोरात हाकतोय' असं कुणीतरी लिहितंच. हवेच्या मानाने ते २७० नेच चाललेलं असतं.

लाल_बॅटन

हवेतला हिशेब वर चोख झालाय. प्रादेशिक विमानतळावर वेळ जातो तो जमिनीवर, तेवढं जोडतो.

बऱ्याच छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे (विमानाचा जमिनीवरचा रस्ता) नसतो. एप्रनमधून (विमानं उभी करण्याच्या जागेतून) निघालेला रस्ता धावपट्टीच्या मध्यावर कुठेतरी येऊन मिळतो. मग उड्डाण करणारं विमान धावपट्टीवरूनच उलट टोकापर्यंत जातं, टोकाला १८० अंशांत वळतं आणि मग धावतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. त्यात ३ ते ५ मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ धावपट्टी अडलेली असते. त्याच सुमारास दुसरं विमान उतरायला आलं तर त्याला वर घिरट्या घालाव्या लागतात, किंवा उडणाऱ्याला एप्रनमध्येच थांबवतात. उतरल्यावरही तेच: टॅक्सी-वे मागे राहिला तर वळून परत यायचं.

रडार नसेल तर दोन विमानांमधलं अंतर पडद्यावर बघून राखता येत नाही. वैमानिकाने रेडिओवर कळवलेली जागा आणि वेळ यांवर नियंत्रक चालतात, आणि मग अंतर मैलांत नाही, मिनिटांत सोडावं लागतं. एकामागोमाग दोन विमानं आली की दुसऱ्याची दहा मिनिटं गेलीच समजा.

आयएलएस (रेडिओ सिग्नलने विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा) नसेल तर खराब हवेत उतरण्याची किमान मर्यादा वरची असते. ढग तेवढ्याच उंचीवर असतील तर मोठ्या विमानतळावर जे विमान उतरलं असतं ते इथे फेरी मारून पर्यायी विमानतळाकडे जातं. जिथे फक्त दृश्य-उड्डाणाची (वैमानिकाने बाहेर बघून उडण्याची) सोय आहे तिथे साधारण ५ किमी दृश्यमानता लागते. सकाळचं धुकं असेल तर पहिलं विमान निघतच नाही, आणि तेच विमान दिवसभर चार-सहा फेऱ्या करत असल्याने उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो.

शेवटची फेरी असेल तर विमानतळ किती वाजता बंद होतो ते बघा. ठरलेले तास संपल्यावर नियंत्रक आणि अग्निशमन दल ड्युटीवर नसतं. पाऊण तास उशीर म्हणजे तिथे फक्त उशीर नसतो, फेरीच रद्द होऊ शकते. संध्याकाळच्या शेवटच्या विमानावर पुढचं काही महत्त्वाचं काम बांधू नये, असं माझं स्पष्ट मत.

खिडकीची_सीट

@ब्लॉक_टाइम, दुसरी एक जोडी आहे, अंतर जवळपास एवढंच, पण तिथे जेट जातं. जेटचा वेग दीडपटीहून जास्त, मग वेळ एक तासाच्या खाली यायला हवा. तिकिटावर १ तास १० मिनिटं आहे. हे का?

ब्लॉक_टाइम

कारण एवढ्या अंतरात जेटला जेटसारखं चालायला जागाच मिळत नाही.

उतरायला सुरुवात कुठे करायची याचा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे: उंची हजार फुटांत घ्या आणि तीनने गुणा, तेवढे नॉटिकल मैल आधी. ३५,००० फुटांवरून उतरायचं तर १०५ मैल आधीच खाली वळायला लागायचं. चढायला साधारण तेवढंच अंतर. ३१४ मैलांपैकी दोनशेच्या वर चढ-उतारातच गेले, सरळ क्रूझ शंभर-एक मैल. शिवाय बऱ्याच ठिकाणी १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा असते (हवेच्या मानाने, जमिनीच्या नाही), ती जेटला जाचते. एटीआरला चढताना तिचा त्रासच नाही. म्हणून छोट्या मार्गावर जेट पूर्ण उंची गाठतही नाही, मधल्याच उंचीवरून जातं.

हिशेब: ३१४ भागिले ४४० नॉट, म्हणजे ४३ मिनिटं. चढ-उतारापोटी १२-१५ जोडा, हवेत ५६. टॅक्सी १४. ब्लॉक ७०. तुमच्या तिकिटाशी जुळतंय.

म्हणजे वेग ६० टक्क्यांहून जास्त, पण बचत फक्त २० मिनिटांची. अंतर निम्मं करा, १५० मैलांच्या आसपास आणा, मग बचत दहा मिनिटांच्याही आत येते, आणि इंधन मात्र जेट कितीतरी जास्त जाळतं. छोट्या मार्गांवर टर्बोप्रॉप टिकून आहेत ते या गणितामुळे. क्यू४०० सारखं वेगवान टर्बोप्रॉप (क्रूझ ३६० नॉटपर्यंत) तर जेटच्या अगदी मागोमाग पोहोचतं.

कुठल्याही जोडीसाठी पाठ करून ठेवा: सरळ रेषेत २५-३० मैल जोडा, क्रूझ वेगाने भागा (एटीआर २७०, क्यू४०० ३५०, जेट ४४०), चढ-उताराची मिनिटं जोडा (टर्बोप्रॉप ८, जेट १३), टॅक्सी दोन्हीकडची मिळून १२, मोठा गर्दीचा विमानतळ एका टोकाला असेल तर २० ते २५. उत्तर तिकिटापासून दहा मिनिटांच्या आत यायला हवं. नाही आलं तर आधी विमानाचा प्रकार तपासा.

रेखावृत्त

+१. आणि दोन्ही विमानतळ वेगवेगळ्या प्रमाणवेळेत असतील तर तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका, त्या त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. 'कालावधी' असं वेगळं लिहिलेलं असतं तो आकडा घ्या. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांत तर हा फरक वर्षातून दोनदा बदलतो.

कनेक्शन_चुकलं

दोन प्रादेशिक विमानतळांत थेट विमान असणं हाच मुळात अपवाद. बहुतेकदा मोठ्या विमानतळावरून बदलून जावं लागतं, आणि तिथे सरळ अंतराला काही अर्थ उरत नाही.

समजा अ ते ब सरळ २५० किमी. अ ते मोठा विमानतळ ३००, तिथून ब ३५०. उडायचं ६५० किमी, दोन ब्लॉक टाइम प्रत्येकी तास-सव्वा तास, मध्ये थांबा दीड-दोन तास. एकूण साडेतीन ते साडेचार तास. गाडीने २५० किमी रस्ता बरा असेल तर तेवढ्यात होतो, विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ धरला तर आधीच होतो. अंतर सांगणारी साइट मात्र निवांतपणे '५० मिनिटं' दाखवते.

बदलून जायचं असेल तर एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे घ्या. विमान बदलायला कमीत कमी किती वेळ लागतो हा आकडा प्रत्येक विमानतळासाठी ठरलेला असतो, आणि एकत्र तिकीट विकताना त्याच्या आत विकत नाहीत. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते. दोन सुटी तिकिटं काढलीत तर सामान स्वतः घेऊन बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन, पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि दुसरं विमान चुकलं तर तुम्ही 'आलाच नाहीत' असं धरलं जातं. सुट्या तिकिटांत तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका, टर्मिनल बदलत असेल तर चार.

खिडकीची_सीट

शेवटचा प्रश्न. ब ला कुणाला आणायला जायचं असेल तर घरातून निघताना ॲपवरची वेळ धरायची की तिकिटावरची?

लाल_बॅटन

निघायचा निर्णय ॲपवरून घ्या, पण उड्डाणाची वेळ बघून. उतरण्याच्या वेळेवर फार विसंबू नका. विमान खरंच किती वाजता उडालं ते धरा, त्यात तुमच्या मार्गाला जाताना ७२ ते ७८ मिनिटं मिळवा. उड्डाणाआधी ॲप जी पोहोचण्याची वेळ दाखवतं ती बहुतेकदा वेळापत्रकातलीच असते, उशीर झालेला असला तरी.

छोट्या विमानतळाजवळ ॲपवरचं विमान मध्येच गायब होतं किंवा एका जागी गोठतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. हे सिग्नल जमिनीवरच्या रिसीव्हरला थेट रेषेत दिसावे लागतात. जवळपास रिसीव्हर नसेल किंवा मध्ये डोंगर असेल तर विमान तीन-चार हजार फुटांखाली आलं की सिग्नल तुटतो. मग 'लँडेड' ची वेळ ॲप अंदाजाने टाकतं, ती पाच मिनिटं इकडे-तिकडे असू शकते.

चाकं टेकल्यावर बॅकट्रॅक आणि पार्किंगला ४-६ मिनिटं. एटीआरचा प्रवाशांचा दरवाजा मागे असतो, तेव्हा मागच्या रांगा आधी उतरतात. छोट्या विमानतळावर चालतच टर्मिनलमध्ये यायचं असतं, बसची वाट बघावी लागत नाही. फक्त हातातलं सामान असेल तर टेकल्यापासून १५ मिनिटांत माणूस दारात, चेक-इन केलेली बॅग असेल तर २५.

उतरायच्या सुमारास ॲपवर विमान लांबट गोल काढताना दिसलं तर समजा, धावपट्टीवर दुसरं कुणीतरी बॅकट्रॅक करतंय किंवा हवा सुधारायची वाट बघताहेत. एक पूर्ण फेरी साधारण ४ मिनिटांची. तीन-चार फेऱ्यांनंतरही खाली येत नसेल तर पर्यायी विमानतळ कुठला तेही बघून ठेवा, कारण त्यानंतर किती वेळ थांबायचं ते टाकीतलं इंधन ठरवतं.